बद्ध किण्व आणि बोंडूचा रस : महाड-पोलादपूर भागासाठी अभ्यासपाठ

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत काजूचा हंगाम साधारणतः मार्चमध्ये सुरू होतो व मे महिन्यात संपतो. बी वेचून घरी नेली जाते, कारण तिला बाजार आहे. बोंडू मात्र झाडाखाली पडून कुजतो, नाही तर गुरे खातात. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना 1990 साली राज्यात सुरू झाली व तेव्हापासून डोंगरउतारावरील वरकस जमिनीत काजूची लागवड वाढत गेली. बोंडूही अर्थातच त्या मानाने वाढला. एक किलो बीमागे सहा ते आठ किलो बोंडू निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे दरवर्षी किती माल मातीस मिळतो याची कल्पना येईल.

अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमामुळे या बोंडूविषयी गावोगाव विचारणा होऊ लागली आहे. देशातील पहिले मिश्रण-प्रयोग 2001 साली ज्या तीन ठिकाणी झाले त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रातीलच होती. पुढे 2003 पासून हा कार्यक्रम रीतसर सुरू झाला आणि 2025 साली मिश्रणाचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले. “आमच्या बोंडूपासून इथेनॉल का होऊ नये?” हा प्रश्न म्हणून स्वाभाविक आहे. त्याच्याच जोडीने ‘यीस्टच्या गोळ्या’ वापरल्या की रसापासून दुप्पट मद्यार्क मिळतो, अशी एक समजूतही कानावर येते. या गोळ्या म्हणजे काय, त्यांपासून काय साधते व काय साधत नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस नीट ठाऊक असणे अवश्य आहे. नाही तर चुकीच्या आशेवर शेतकऱ्याचा पैसा जाईल आणि प्रसंगी तो कायद्याच्या कचाट्यातही सापडेल.

किण्व व त्याचे काम

यीस्ट किंवा किण्व हा एकपेशीय सजीव आहे. त्याची एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. साखरेच्या पाण्यात, हवेचा पुरवठा बेताचा असताना, ही पेशी साखर खाऊन मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकते. हिशेब ठरलेला आहे : 100 किलो ग्लुकोजपासून फार तर 51.1 किलो मद्यार्क व 48.9 किलो वायू मिळतो. यापलीकडे एक ग्रॅमही अधिक मिळत नाही, मग किण्व कोणतेही असो व ते कोणत्याही रीतीने वापरलेले असो. प्रत्यक्षात काही साखर किण्वाच्या स्वतःच्या वाढीस खर्ची पडते, काही इतर जंतू खातात, आणि चांगल्या कारखान्यातही या कमाल उताऱ्याच्या 85 ते 90 टक्के किंवा त्याहून थोडे अधिक हाती येते.

साध्या पद्धतीत किण्व रसात मोकळे सोडतात. काम संपले की ते रसाबरोबर वाहून जाते किंवा तळाशी साचते, आणि पुढच्या घाण्यास पुन्हा नवे किण्व वाढवावे लागते. मळीच्या एका घाण्यास यामुळे साधारण 24 ते 36 तास लागतात व त्यांतील बराचसा वेळ किण्वाची संख्या वाढण्यातच जातो.

येथे विरजणाचे उदाहरण घ्यावे. गृहिणी रोज थोडे दही बाजूस ठेवते व तेच उद्याच्या दुधास लावते. आता अशी कल्पना करावी की विरजण भांड्यालाच चिकटून राहिले आहे; दूध ओतावे, दही काढून घ्यावे, पुन्हा दूध ओतावे. विरजण ना संपते, ना वेगळे काढून ठेवावे लागते. बद्ध किण्वाची कल्पना हीच आहे. पेशी एखाद्या आधारास चिकटवून किंवा जाळीदार पदार्थात कोंडून जागच्या जागी ठेवावयाच्या व त्यांवरून रस वाहू द्यावयाचा. ताडीचे जुने मडके न धुता पुन्हा लावले की ताडी लौकर चढते, तीही मडक्याच्या अंगात शिरून बसलेल्या किण्वाचीच करामत होय.

ज्या कार्यकर्त्यांनी रायझोबियमची पाकिटे वाटली आहेत त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही. त्या पाकिटांतील काळी भुकटी हा जिवाणूंचा आधारच असतो.

गोळी कशी बनते

या कामी सर्वांत अधिक वापरला गेलेला पदार्थ म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेले सोडियम अल्जिनेट. त्याचे द्रावण मधासारखे चिकट असते. या द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पडला की कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींस बांधून टाकतो व थेंबाची क्षणात जेली बनते. थेंबात किण्व मिसळलेले असेल तर ते आत अडकते. जेलीची छिद्रे इतकी बारीक असतात की पेशी सहसा बाहेर पडू शकत नाही, पण साखर आत जाते आणि मद्यार्क व वायू बाहेर येतात. कर्स्टान व बक या संशोधकांनी 1977 साली जिवंत पेशी अशा रीतीने कोंडण्याचे काम प्रसिद्ध केले व त्यानंतर जगभर त्यावर प्रयोग झाले.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, विज्ञानशिक्षकाच्या देखरेखीखाली, हा प्रयोग एका दुपारी दाखविता येतो. 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 2 ग्रॅम सोडियम अल्जिनेट थोडे थोडे भुरभुरून आदल्या रात्री भिजत ठेवावे. विहिरीचे जड पाणी घेऊ नये. त्यातील कॅल्शियममुळे आधीच गुठळ्या होतात. दुसऱ्या दिवशी बेकरीचे सुके यीस्ट 3 ग्रॅम घेऊन कोमट पाण्यात कालवावे व त्यात मिसळावे. दुसऱ्या भांड्यात कॅल्शियम क्लोराइडचे 2 टक्के द्रावण घ्यावे आणि पिचकारीने किंवा थेंबनळीने वीतभर उंचीवरून एक-एक थेंब सोडावा. साबुदाण्याएवढ्या, पांढरट, गोल गोळ्या तयार होतात. अर्धा ते एक तास तशाच राहू देऊन स्वच्छ पाण्याने धुवाव्यात व 10 टक्के साखरेच्या पाण्यात टाकाव्यात. काही वेळाने त्यांवर बुडबुडे दिसू लागतात व गोळ्या तरंगतात. वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडल्यास निवळी दुधाळ होते. शेजारी दुसऱ्या बाटलीत तितकेच किण्व मोकळे सोडून तुलना दाखवावी.

ही तुलना प्रामाणिकपणे दाखविली पाहिजे. पहिल्या खेपेस मोकळे किण्वच पुढे असते, कारण गोळीच्या पोटातील पेशींपर्यंत साखर पोहोचण्यास वेळ लागतो. गोळी जितकी मोठी तितकी ही अडचण मोठी. म्हणून ती 2 ते 4 मिलिमीटरहून जाड नसावी. गोळ्यांचा गुण दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस दिसतो. आंबलेले पाणी गाळून काढावे, नवे साखरपाणी ओतावे. काम लागलीच सुरू होते. प्रयोगातील पाणी कोणासही चाखू देऊ नये. प्रयोग संपताच ओतून टाकावे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी की या गोळ्यांस फॉस्फेटचे वावडे आहे. मद्यार्काच्या कारखान्यांत किण्वाचे खाद्य म्हणून युरिया व डायअमोनियम फॉस्फेट घालण्याची रीत आहे. गोळ्यांच्या पद्धतीत फॉस्फेट जास्त झाल्यास ते जेलीतील कॅल्शियम खेचून घेते व गोळ्या मऊ पडून विरघळतात. लिंबाच्या आम्लाचाही, म्हणजे सायट्रेटचाही, परिणाम असाच होतो.

महाराष्ट्रात व अन्यत्र झालेले काम

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर पूर्वीच काम झालेले आहे. तेथील संशोधकांनी अल्जिनेटऐवजी मोठ्या छिद्रांच्या जिलेटिनमध्ये यीस्ट बद्ध करून अखंड प्रवाहाने इथेनॉल तयार करण्याचा प्रयोग केला व तो 1982 साली प्रसिद्ध झाला. छिद्रे मोकळी ठेवण्याचा हेतू वर सांगितलेलाच, म्हणजे साखर आतपर्यंत लौकर पोहोचावी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात साध्या सुती कापडावर पॉलिएथिलीनइमाइन या पदार्थाचा लेप देऊन त्यावर यीस्ट चिकटविले गेले. तेथील हेतू मात्र मद्यार्काचा नसून उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विभाजन करण्याचा होता. जपानमध्ये क्योवा हाक्को या कंपनीने 1980 नंतरच्या दशकात उसाच्या मळीवर अल्जिनेटच्या गोळ्यांचे प्रायोगिक संयंत्र कित्येक महिने चालवून सुमारे 8.5 ते 9 टक्के मद्यार्काचे आंबवण मिळविले. जपानी संशोधकांनी पुढे वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही आधार म्हणून वापरून पाहिली. कोकणातील परसात हे आधार फुकट मिळते.

इतके होऊनही महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी ही पद्धत सर्रास उचलली नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. आपल्याकडील मळीत गाळ फार असतो. तो गोळ्यांच्या थरात बसून वाट बंद करतो. वायूच्या दाबाने गोळ्या फुटतात. थरात एकदा आम्ल करणारे जंतू शिरले की संपूर्ण थर काढून टाकावा लागतो. मोकळ्या पद्धतीत फक्त एका घाण्याचे नुकसान होते. शिवाय त्याच सुमारास दुसरा सोपा मार्ग उपलब्ध होता. आंबवण झाल्यावर यंत्राने फिरवून किंवा निवळून किण्व वेगळे काढावयाचे व पुन्हा टाकीत घालावयाचे. ब्राझीलमध्ये हीच रीत रूढ आहे. हेतू एकच, किण्व फुकट जाऊ नये. पण अल्जिनेटचा खर्च नाही व गोळ्या जपण्याचा व्यापही नाही. बद्ध किण्वाचे तंत्र खोटे नाही. मात्र त्याचा लाभ स्वच्छ, गाळविरहित रसासाठी, लहान टाकीत अखंड काम चालवावयाचे असेल तेथे, अधिक आहे.

बोंडूचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. बोंडूच्या रसात सुमारे 10 ते 12 टक्के साखर असते. दाबयंत्राने एक टन बोंडूपासून सुमारे 600 लिटर रस निघतो असे धरू व साखर 10 टक्के मानू. म्हणजे साखर झाली 60 किलो. तिच्यापासून कमाल मद्यार्क 30.7 किलो, म्हणजे सुमारे 39 लिटर. उतारा 85 टक्के धरल्यास हाती येणार सुमारे 33 लिटर. सी-हेवी मळीपासून केलेल्या इथेनॉलचा 2024-25 च्या पुरवठा वर्षातील दर लिटरला 57 रुपये 97 पैसे होता. तोच दर येथे लावून पाहिला तर एक टन बोंडूचे उत्पन्न सुमारे 1,900 रुपये, अर्थात किलोमागे दोन रुपयांहूनही कमी. यातून वेचणी, वाहतूक, दाबणी, सरपण व यंत्रसामग्री यांचा खर्च वजा जावयाचा आहे. एका माणसाची एक दिवसाची मजुरी वजा केली तरी उरते ते किती, हे शेतकऱ्याने स्वतःच मांडून पाहावे.

गोळ्या वापरल्याने या हिशेबातील 60 किलो साखर 61 किलो होत नाही. किण्वाच्या वाढीस लागणारी थोडी साखर वाचते, इतकेच. वेळ वाचतो, टाकी लहान पुरते. पण बोंडूचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा, आणि उरलेले नऊ महिने टाकी रिकामीच. आणखी असे की या रसाच्या आंबवणात मद्यार्क जेमतेम साडेपाच टक्के असतो. मद्यार्क जितका विरळ तितके ऊर्ध्वपातनास इंधन जास्त लागते. हे इंधन डोंगरावरील झाडे तोडून मिळवावयाचे असेल तर तो व्यवहार उघडउघड तोट्याचा होय.

उष्णतेचा प्रश्नही आहेच. किण्वास 30 ते 32 अंश सेल्सिअस मानवतात. एप्रिलमध्ये महाडच्या खोऱ्यात पारा चाळिशीकडे झुकतो आणि आंबताना रस स्वतःही तापतो. कारखान्यात टाकीस गार पाण्याचे वेढे असतात. जेथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते अशा वाडीत हे पाणी कोठून आणावयाचे?

भाताची कणी किंवा पेंढा यांविषयीही विचारणा होते. त्याचे उत्तर थोडक्यात असे की यीस्ट पिठूळ पदार्थ व काष्ठतंतू थेट खात नाही. त्यांची आधी साखर करावी लागते व ते काम मोठ्या कारखान्याचे आहे. पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना पानिपत येथे 2022 साली सुरू झाला. पोलादपूरचा पेंढा गोठ्यातच शोभतो.

कायदा व धोका

परवान्यावाचून मद्यार्क गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अन्वये गुन्हा आहे. “इंधनासाठी गाळतो” असे म्हटल्याने तो गुन्हा राहत नाही असे नव्हे. गोव्यात काजूची फेणी परवान्याने गाळली जाते व तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले, परंतु तेथील कायदा वेगळा आहे. त्याचा दाखला येथे चालणार नाही. गावात कोणी गोळ्या व भट्टीचा संच विकावयास आला तर कार्यकर्त्यांनी प्रथम परवान्याविषयी विचारावे.

कायद्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. चोरट्या मार्गाने विकल्या जाणाऱ्या दारूत मिथेनॉल मिसळलेले असू शकते. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलला वेगळा वास वा चव येत नाही. प्रथम दृष्टी जाते व मग प्राण. औद्योगिक स्पिरिट व घरगुती गाळलेली दारू यांची सरमिसळ होण्यास एकदा वाव मिळाला की गावात कोणाच्या पेल्यात काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही.

ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या सांडपाण्याचाही विचार हवा. मळीच्या आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे 8 ते 15 लिटर तांबडे-काळे पाणी उरते व पाण्यातील प्राणवायू शोषून घेण्याची त्याची शक्ती गावच्या गटारपाण्याच्या शंभर पटीहूनही अधिक असते. बोंडूच्या रसात मद्यार्क त्याहूनही विरळ असल्याने दर लिटरमागे पाणी आणखी जास्त उरेल. गोळ्यांमुळे त्यातील किण्वाचा गाळ कमी होईल, विरघळलेला मळ तसाच राहील. एप्रिल-मे मध्ये सावित्री व तिच्या उपनद्यांचे प्रवाह आटून डोह उरलेले असतात. अशा डोहात हे पाणी सोडल्यास एका रात्रीत मासे उताणे पडतील, आणि त्याच डोहावर गुरे व माणसे पाणी पितात.

मग बोंडूचे करावे काय?

झाडावरून पडलेला बोंडू दिवसभरात आंबू लागतो. म्हणून जे करावयाचे ते वेचल्याच दिवशी. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. घसा खवखवतो तो टॅनिनमुळे. रसात लिटरमागे सुमारे 5 ग्रॅम साबुदाण्याची पातळ पेज ढवळून रात्रभर ठेवल्यास टॅनिन खाली बसते व वरचा रस निवळतो. त्यापासून सरबत करता येते, त्यास आंबवण लागत नाही व मद्यार्काचा प्रश्नच उद्भवत नाही. महिला बचत गटांनी प्रथम हाच मार्ग धरावा. विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी मात्र करून घ्यावी.

दुसरा मार्ग शिरक्याचा. बद्ध जंतूंची पद्धत येथे दोनशे वर्षांपासून यशस्वी ठरलेली आहे, ही मोठी मौजेची गोष्ट होय. जर्मनीत शुत्झेनबाख याने 1823 साली पिंपात लाकडाच्या ढलप्या भरून त्यांवर शिरक्याचे जंतू वाढू दिले व वरून विरळ मद्यार्काचे पाणी ठिबकत सोडले. तळाशी हवेसाठी भोके असत. पूर्वी ज्यास महिने लागत ते काम काही दिवसांत होऊ लागले. ढलप्यांच्या जागी मक्याची कणसेही चालतात. बोंडूच्या आंबवणातील साडेपाच टक्के मद्यार्क इंधनासाठी विरळ असला तरी शिरक्यास तो पुरेसा आहे : 80 टक्के उताऱ्याने त्यापासून सुमारे साडेचार टक्के ॲसिटिक आम्ल मिळते, आणि अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शिरक्यात ते किमान 3.75 टक्के असावे लागते. म्हणजे एक टन बोंडूपासून 33 लिटर इथेनॉलऐवजी सहाशे लिटरच्या आसपास शिरका, आणि तोही सरपणावाचून. बाजारात रासायनिक आम्लापासून केलेला शिरका स्वस्त मिळतो, म्हणून विक्रीची तजवीज आधी पाहिल्याखेरीज पिंपे भरू नयेत.

शिरक्याच्या वाटेवरही मद्यार्काची एक पायरी आहे. सबब गटाने काम सुरू करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अलिबाग येथील जिल्हा कार्यालयात लेखी विचारणा करावी व उत्तर लेखीच घ्यावे. प्रक्रियेविषयीचा सल्ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून मिळू शकेल. बोंडूचा चोथा उन्हात खडखडीत वाळवून गुरांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात मिसळता येतो. ओला चोथा साठवल्यास बुरशी येते. हंगाम मार्चमध्ये उघडतो, तेव्हा ही सर्व विचारणा डिसेंबर-जानेवारीतच उरकलेली असावी.